नेहरू प्लेसचे दोन शनिवार

दिल्लीत पाहुणे आले की त्यांना दाखवायची ठिकाणे ठरलेली असतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, अक्षरधाम आणि वेळ उरलाच तर कमळाच्या आकाराचे बहाई मंदिर. या कमळ मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर नेहरू प्लेस नावाचा एक बाजार आहे. तिथे मात्र पाहुण्यांना कोणी नेत नाही. तिथे माणूस जातो तो घरात काही बिघडले म्हणून, नाही तर मूल मोठे झाले म्हणून. आम्ही गेलो ते दुसऱ्या कारणासाठी.

आमची लेक अकरावीत आहे. तिने कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेतला आहे. केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात या विषयासाठी पायथॉन ही भाषा शिकवतात. घरात लॅपटॉप एकच, तोही ह्यांच्या कार्यालयाचा. रात्री दहा वाजता ह्यांचे काम संपले की तो लेकीच्या हाती येई आणि साडेदहाला मी "झोप आता" म्हणून ओरडे. तिच्या वाट्याला अर्धा तास!

"मला लॅपटॉप हवा," असे ती एप्रिलपासून म्हणत होती. ह्यांचे म्हणणे असे, की दीड वर्षात कॉलेज सुरू होईल. तेव्हा ती आर्किटेक्चरला गेली तर जबरदस्त ताकदीचे यंत्र लागेल, कॉमर्सला गेली तर साधे चालेल. मग आत्ता अंदाजाने घेऊन दीड वर्षाने पुन्हा खर्च कशाला? थांबू या, एकदाच काय ते चांगले घेऊ. दोघांचेही पटत असल्यामुळे मी अर्थातच गप्प होते. आवर्ती ठेवीचे पन्नास हजार नुकतेच हाती आले होते. ते एकदाच खर्च होणार होते, हे मात्र तिघांनाही ठाऊक होते.

शेवटी डिसेंबर २०२५ च्या पहिल्या शनिवारी हे म्हणाले, "चला, निदान भाव तरी बघून येऊ."

मेट्रोतून बाजारात

आम्ही राहतो मयूर विहारला. तिथून गुलाबी मार्गिकेची मेट्रो यमुना ओलांडते. त्या दिवशी नदीवर धुक्याचा की धुराचा, कोण जाणे, पांढरा पडदा होता. पहिले स्टेशन येते निजामुद्दीन. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्या आमच्या माणसांना उतरवून घ्यायला आम्ही इथेच येतो, त्यामुळे ते नाव ऐकले की मला उगाचच माहेरचा वास येतो. लाजपत नगरला गाडी बदलून जांभळ्या मार्गिकेवर तिसरे स्टेशन म्हणजे नेहरू प्लेस. २०१० साली ही मेट्रो सुरू झाली, त्याआधी इथे यायचे म्हणजे बस आणि रिक्षावाल्याशी हुज्जत, दोन्ही ठरलेले.

दिल्लीच्या १९६२ च्या बृहत् आराखड्यात एक कल्पना होती. सगळ्या शहराने कॅनॉट प्लेसकडे धाव घेऊ नये, म्हणून ठिकठिकाणी स्वतंत्र व्यापारी केंद्रे उभारायची. त्यातलेच हे एक. दिल्ली विकास प्राधिकरणाने ते १९७० च्या दशकात उभे केले. मधोमध लांबरुंद फरसबंद चौक, त्यात वाहनांना मज्जाव आणि चहूबाजूंनी उंच इमारती. बांधले ते कचेऱ्यांसाठी. पण कचेऱ्यांमागून संगणक आले. एचसीएल ही १९७६ साली स्थापन झालेली कंपनी; तिच्या पत्त्यातही वर्षानुवर्षे नेहरू प्लेसच होते. संगणक आले म्हणताना ते दुरुस्त करणारे आले, सुटे भाग विकणारे आले, आणि पाहता पाहता देशातल्या मोठ्या संगणक बाजारांत या चौकाची गणना होऊ लागली.

मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड आठवावा. पण तो रस्ता आहे, हा चौक. मेट्रोतून बाहेर पडलात की तुम्ही गिऱ्हाईक आहात हे तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. "मॅडम, लॅपटॉप? रिपेअर? बॅटरी? टोनर?" असे विचारत पोरे दहा पावले बरोबर चालतात. जमिनीवर चादरी पसरून कोणी चार्जर मांडलेले, कोणी माऊस, कोणी पडद्यावर लावायच्या काचा. त्यांच्या शेजारीच एखाद्या दुकानात कापडाचे तागेच्या तागे रचलेले. हो, नेहरू प्लेसला कापडबाजारही आहे! संगणक घ्यायला आलेली माणसे पडद्याचे कापड घेऊन घरी जातात, अशी इथली ख्याती. मी जरा तिकडे वळले, तर ह्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

थंडीचे दिवस. कोवळ्या उन्हात कट्ट्यावर कारकून मंडळी शेंगदाणे सोलत बसलेली. एका गाड्यावर राम लड्डू, म्हणजे मुगाच्या डाळीचे भजे, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी. लेकीने दोन द्रोण संपवले आणि मगच आम्ही कामाला लागलो.

"कल और महंगा होगा"

पहिले दुकान तळघरात होते. वापरलेली यंत्रे साफसूफ करून पुन्हा विकण्याचा मोठा धंदा इथे चालतो. मोठमोठ्या कंपन्या आपले जुने लॅपटॉप शेकड्यांनी मोडीत काढतात, ते इथे येतात. दुकानदाराने एक काळे, भारदस्त यंत्र पुढे ठेवले. "आय-सेव्हन है भाईसाब, अठारह हजार. नया लेंगे तो सत्तर का आएगा."

ह्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात लेकीने विचारले, "कौनसी जनरेशन?"

"सिक्स्थ. मगर चलता मक्खन है."

तिने मला हळूच बाजूला घेतले. "आई, विंडोज अकरा इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवरच नीट चालते. आणि विंडोज दहाचा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने बंद केला." म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले आणि असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते जुने होऊनच घरी येणार. नावात सात असले तरी पिढी सहावी! आम्ही दुकानदाराला नमस्कार करून जिना चढलो.

दुसरे दुकान तिसऱ्या मजल्यावर. या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर खरा कारखाना चालतो. चिंचोळ्या बोळातल्या खोल्यांमध्ये दिव्याखाली भिंग लावून बसलेली माणसे, पुढ्यात उघडे पडलेले लॅपटॉप, हवेत झाळकामाचा वास. या दुकानाचे मालक साठीच्या घरातले सरदारजी. त्यांनी आधी लेकीला विचारले, "बेटा, करना क्या है?" एवढ्या बाजारात हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच.

तिने सांगितले. मग ह्यांनी आपली शंका काढली, "दीड साल रुक जाएं तो?"

सरदारजी हसले. "तीस साल से मैं यही कहता था जी, रुक जाओ, सस्ता हो जाएगा. इस साल नहीं कह सकता."

मग त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. रॅम, म्हणजे यंत्राची काम करतानाची स्मरणशक्ती, जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ठिकठिकाणी जी अवाढव्य संगणक केंद्रे उभी राहत आहेत, त्यांना प्रचंड रॅम लागते आणि ती केंद्रे पैसेही चोख मोजतात. त्यामुळे या कंपन्यांनी आपला माल तिकडे वळवला आणि तुमच्या-आमच्या घरच्या संगणकांसाठी टंचाई झाली. २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत काही प्रकारच्या रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले. नुकतेच, ३ डिसेंबरला, मायक्रॉनने जाहीर केले होते की सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा 'क्रुशल' हा आपला विक्रीचा धंदाच ती गुंडाळणार. "पुराना माल पुराने भाव में है. नया आएगा तो नए भाव में आएगा."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "दुकानदार दुसरे काय सांगणार?" तेही खरेच. 'उद्या महाग होईल' हे वाक्य साडीच्या दुकानापासून सोनाराच्या पेढीपर्यंत आपण सगळीकडे ऐकतो. भीतीने घेतलेली वस्तू आणि हावेने थांबवलेली खरेदी, दोन्हींत शहाणपणाचा भाग कमीच. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. (पडद्याचे कापड घेतले, पण ते वेगळे.)

अण्णांची फाईल

परतीच्या मेट्रोत मला सांगलीच्या घरातली एक निळी फाईल आठवत राहिली.

१९९६ साली मी अकरावीत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक संगणकाचा क्लास निघाला होता. मी तिथे नाव घातले आणि वेडी झाले. क्लासमध्ये आठवड्यातून दोन तास यंत्र मिळे. बाकीचे दिवस मी प्रोग्राम वहीत लिहून काढी आणि क्लासच्या दिवशी धडधडत्या छातीने तो यंत्रावर चढवी. अण्णांना म्हटले, घरी संगणक घ्या. अण्णा बँकेत होते, हिशेबी होते, पण कंजूष नव्हते. ते म्हणाले, "घेऊ या. पण घाई नको."

तेव्हा चांगला संगणक साठ हजारांच्या घरात जाई. अण्णांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती कापून फाईलला लावायला सुरुवात केली. प्रत्येक कात्रणावर तारीख आणि किंमत. १९९७ मध्ये पेंटियम टू आला, तेव्हा जुना पेंटियम उतरला. अण्णा खूश. "बघ, थांबलो म्हणून!" मग १९९८ गेले. १९९९ मध्ये पेंटियम थ्री आला. प्रत्येक वेळी अण्णांचे बरोबर ठरत होते. २००० सालच्या दिवाळीत पस्तीस हजारांत संगणक घरी आला. शेवटच्या कात्रणाखाली अण्णांनी सुवाच्य अक्षरात बचत मांडली होती, पंचवीस हजार.

तोवर मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. वहीतले प्रोग्राम केव्हाच थांबले होते. त्या संगणकावर मी पत्ते खेळले आणि धाकट्या भावाने अभ्यास केला. माझे काही वाईट झाले नाही. नोकरी केली, संसार झाला, दिल्ली पाहिली. अण्णांचा मला राग नाही. त्यांच्या जागी मी असते तर तेच केले असते. पण त्या हिशेबात चार वर्षांचा रकाना नव्हता, एवढेच.

पंधरा दिवसांची वही

हे सगळे मी ह्यांना सांगितले नाही. उलट एक तोडगा काढला. लेकीला म्हटले, "पुढचे पंधरा दिवस एका वहीत लिही. यंत्राची गरज कधी लागली, कशासाठी लागली आणि ते नव्हते म्हणून काय अडले. सिनेमा, गाणी धरायची नाहीत. मग ठरवू."

ह्यांना ही कल्पना आवडली, कारण त्यात पंधरा दिवस थांबणे होते!

पण दिल्लीच्या हवेने आमचा डाव पालटला. त्या आठवड्याच्या अखेरीस हवा इतकी बिघडली की नववीपर्यंतचे आणि अकरावीचे वर्ग संकरित पद्धतीने, म्हणजे अर्धे शाळेत आणि अर्धे घरून घ्या, असा हुकूम निघाला. दिल्लीकरांना हे नवे नाही. २०२० ची टाळेबंदी सगळ्या देशाने पाहिली, पण इथे त्यानंतरही हिवाळा आला की धुरामुळे शाळा पडद्यावर येते. नोव्हेंबर २०२४ मध्येही तेच झाले होते. लेकीने चार दिवस मोबाइलच्या वीतभर पडद्यावर फळ्यावरची गणिते वाचली.

पंधराव्या दिवशी आम्ही तिघे वही घेऊन बसलो. एकूण एकोणीस नोंदी. ह्यांनी पेन्सिल घेऊन त्या चाळल्या. पाच नोंदी मोबाइलवर भागण्यासारख्या होत्या, त्या खोडल्या. तीन नोंदी शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकल्या असत्या, त्याही खोडल्या. लेकीने तक्रार केली नाही. उरल्या अकरा. त्यांतली एक ह्यांनी मोठ्याने वाचली, "प्रोग्राम वहीत लिहिला. बाबांचा लॅपटॉप मिळाला की चालवून बघेन. मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी चूक कुठे होती ते विसरले."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुकरची शिट्टी झाली नव्हती, तरी गेले.

बाहेर ह्यांचा आवाज आला, "या अकरांतल्या एकाही कामाला सत्तर हजारांचे यंत्र लागत नाही." आणि थोड्या वेळाने, "पण एकही काम दीड वर्ष थांबण्यासारखे नाही."

वाद तिथेच संपला. आम्ही इतके दिवस 'आता की नंतर' यावर भांडत होतो, आणि नंतरचे काम कोणते ते कोणालाच माहीत नव्हते. आत्ताचे मात्र वहीत लिहिलेले होते. मग आत्ताच्या कामापुरते यंत्र आत्ता घ्यायचे, असे ठरले. कॉलेजचे कॉलेजच्या वेळी.

रात्री सांगलीला फोन केला. अण्णांनी आता ऐंशी ओलांडली आहे. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "दिवाळी तर होऊन गेली. मार्चअखेर काही सूट देतात का बघितलंस?" आणि मग स्वतःच हसत सुटले.

दुसरा शनिवार

नाताळनंतरच्या शनिवारी पुन्हा नेहरू प्लेस. या वेळी कापडाच्या दुकानाकडे मी वळूनही पाहिले नाही. थेट तिसरा मजला.

सरदारजींनी आधी आठव्या पिढीचे एक वापरलेले यंत्र दाखवले, चोवीस हजारांचे. भक्कम होते. पण बॅटरी थकलेली, दुकानाची हमी एकच महिन्याची आणि आठवी पिढी म्हणजे विंडोज अकराच्या उंबरठ्यावरची. पुढचा उंबरठा आला की हे बाहेर! नवे घ्यायचे ठरले. चौदा इंची पडदा, दीड किलोच्या आत वजन, आठ जीबी रॅम आणि आणखी रॅम बसवायला एक मोकळी खाच. सोळा जीबीचे यंत्र सहा हजारांनी महाग होते. लेकीचे मन त्यावर होते. ह्यांनी वही पुढे केली. त्या अकरा कामांना आठ पुरत होते.

"खाच रिकामी आहे ना? लागेल तेव्हा भरू," हे म्हणाले. तेव्हा रॅम स्वस्त असेल की आणखी महाग, ते सांगता येत नाही, असे सरदारजींनी प्रामाणिकपणे सांगितले. तेवढी जोखीम आम्ही पत्करली. त्रेचाळीस हजार पाचशेला सौदा झाला, अठरा टक्के जीएसटी धरून. उरलेले साडेसहा हजार लेकीच्या कॉलेजच्या नावाने वेगळे ठेवले. ती आर्किटेक्चरला गेली तर आणखी एक यंत्र लागेल, हे ह्यांनी तिला तिथेच सांगितले आणि तिने मान डोलावली.

खाली उतरल्यावर पुन्हा राम लड्डू झाले. या वेळी पैसे लेकीने दिले, स्वतःच्या साठवणीतले.

तुम्ही जाणार असाल तर

नेहरू प्लेसला रविवारी जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी आणि दुकानदार गप्पांना मोकळे. चौकात मागे लागणाऱ्या पोरांबरोबर जाऊ नका. तीन-चार दुकाने स्वतः फिरा आणि भाव कागदावर लिहून घ्या. प्रोसेसरचे नुसते नाव विचारू नका, पिढी विचारा. रॅम वाढवता येते की पट्टीवर कायमची जोडलेली आहे, हेही विचारा. नवे यंत्र असेल तर खोके तुमच्यासमोर फोडायला लावा. खोक्यावरचा, यंत्रावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना ते पाहा आणि कंपनीची हमी कधीपासून सुरू झाली हे दुकानातच मोबाइलवर तपासा. बिल जीएसटीचे पक्केच घ्या. 'बिल नको असेल तर दोन हजार कमी' म्हणणारा पुढे तुम्हाला ओळख दाखवणार नाही.

आणि घरून निघण्यापूर्वी पंधरा दिवस मुलांना वही लिहायला सांगा. वहीत चारच नोंदी निघाल्या तर खुशाल थांबा, पैसे बँकेत राहू द्या. दहा-बारा निघाल्या तर त्या दहा-बारांपुरते यंत्र घ्या.

आता रात्री दहाला हे आपला लॅपटॉप मिटतात, तेव्हा शेजारच्या खोलीत दुसरा उघडाच असतो. साडेदहाला मी पूर्वीसारखीच ओरडते. फक्त आता ती "दोन मिनिटं, आई, आत्ता चाललाय" म्हणते, आणि मी दोनाची दहा होऊ देते.

गेल्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. माळा साफ करताना ती निळी फाईल सापडली म्हणे. "रद्दीत घालू का?"

"नको अण्णा," मी म्हटले. "थोडं थांबा. पुढच्या खेपेला मी घेऊन जाईन."